यवतमाळ जिल्ह्यांतील घरखर्च व काटकसर

देशाचा इतिहास लिहिणारे लोक लढायांची, तहांची व सनदांची मोजदाद ठेवतात. परंतु ज्या चुलीवर त्या देशाचीं माणसें जगलीं, त्या चुलींत कोणतें जळण होतें, तें विकत आणलेलें होतें कीं शेतांतून उचललेलें होतें, याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाहीं. ही उणीव लहान नव्हे. एखाद्या प्रांतावर उधळेपणाचा आरोप करावयाचा झाला म्हणजे अशी नोंद नसल्याचा सारा फायदा आरोप करणाऱ्यास मिळतो. यवतमाळ जिल्ह्याच्या वांट्यास हा आरोप गेल्या दीडशें वर्षांत वारंवार आलेला आहे. आमच्या वाचकांच्या घरांत काटकसर हा नित्याच्या बोलण्यांतील विषय. दर महिन्याच्या अखेरीस तो निघतोच. तोच विषय या जिल्ह्याच्या इतिहासांत शिरून थोडा तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, मध्यें डोंगरपठार व सागाचें जंगल, आणि नद्यांच्या खोऱ्यांत काळी कपाशीची जमीन, असा हा मुलूख आहे. कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम, आंध, परधान अशी त्याची वस्ती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६४ सालीं आग्नेय वऱ्हाडचा म्हणून जो निराळा जिल्हा काढण्यांत आला त्यासच पुढें वणी जिल्हा म्हणूं लागले. आणि १९०५ सालीं वाशीमकडील पुसद तालुका त्यास जोडून यवतमाळ जिल्हा सिद्ध झाला. इतकी ओळख पुरे. आम्हांस या जिल्ह्याच्या सरहद्दीपेक्षां त्यांतील कणगीशीं अधिक कर्तव्य आहे.

जुन्या काळच्या वऱ्हाडी कास्तकाराचें शेत दुरून पाहणारास एकाच पिकाचें दिसे. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे तें घरचें कोठार आहे हें ध्यानांत येई. कपाशीच्या ठराविक तासांनंतर एक तास तुरीचें असावयाचें. ज्वारींत मूग, उडीद व बरबटी मिसळलेली. धुऱ्यावर अंबाडी. रब्बींत एखादा तुकडा जवसाचा. यांतील प्रत्येक पिकाचा घरांत एकाहून अधिक उपयोग होई. तुरीची डाळ घरच्या जात्यावर भरडली जाई, चुनी व टरफलें गुरांपुढें जात, वाळलेल्या तुराट्यांचा कूड विणला जाई, त्यांचेंच छप्पर, त्यांचाच आंगण झाडावयाचा खराटा, आणि जें उरेल तें चुलींत. अंबाडीच्या पाल्याची भाजी, फुलांची आंबट चटणी आणि सालीचा वाख काढून बैलांचे दोर. जवसाचें तेल, जवसाची चटणी, जवसाची ढेप. ज्वारीचे दाणे माणसांस, कडबा गुरांस, गुरांचें शेण कांहीं शेतास व कांहीं गोवऱ्यांस. कापूस वेंचून झाला म्हणजे शेतांत ज्या काटक्या उरतात त्यांस तिकडे पऱ्हाटी म्हणतात. तिच्या मोळ्या घरामागें रचल्या कीं चुलीची बरीच बेगमी होई. सरकी बैलांच्या दावणीस जाई, आणि पुढल्या वर्षाचें बियाणेंहि तींतूनच राखलें जाई.

हा सर्व प्रपंच पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. काटकसर ही तेथें घरांत केली जात नव्हती. ती शेतांत पेरली जात होती. बाजारांतून काय आणूं नये याचा विचार मृगाच्या आधींच झालेला असे.

त्यापुढचें काम बायकांचें. उन्हाळ्यांत पापड, सांडगे, कुरड्या व शेवया; चैत्रांत मोहफुलें वेंचून वाळवून ठेवणें; डाळीस एरंडेलाचा हात लावून, धान्यांत कडुनिंबाचा पाला घालून तीं किडीपासून राखणें; भांड्यांस राख, केसांस रिठे-शिकेकाई. कपड्यांचें आयुष्य तर पाहण्याजोगें. लुगडें विरलें म्हणजे त्याचा धड भाग मुलाच्या अंगड्यास, त्याहून विरला म्हणजे गोधडींत, गोधडी फाटली म्हणजे तिची चिंधी पोतेऱ्यास, आणि अगदींच कांहीं न उरलें तर काकड्यास. अग्नीच्या स्वाधीन होईपर्यंत कापसाच्या धाग्याची सुटका नसे. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून वस्तूच्या 'उपयुक्ततेचा ऱ्हास' शिकविण्यांत येतो. या बायकांनीं तो सिद्धान्त चार पिढ्या लांबणीवर टाकला होता.

हें चित्र रम्य म्हणून आम्ही काढीत आहों असें कोणी समजूं नये. जात्याचें दळण पहाटेच्या झोपेंतून वजा होत असे. वहींत ज्या खर्चाचें कलम दिसत नाहीं तो खर्च कोणी तरी आपल्या अंगानें सोसलेला असतो, आणि या व्यवस्थेंत तो घरच्या सुनेनें व गांवच्या बलुतेदारानें सोसला. सुतार, लोहार, चांभार यांस सुगीवर धान्य मिळे. त्यांत मापाची खोट व शब्दांचा अपमान किती मिळे, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. तथापि एवढें खरें कीं, मीठ, लोखंड, कांहीं कापड व लग्नकार्याचें सामान सोडलें तर वर्ष काढण्यास या घराला रोख पैसा फारसा लागत नसे.

रोख पैशाची गरज प्रथम उत्पन्न केली ती सरकारसाऱ्यानें. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडांत रयतवारी मोजणी झाली, जमिनीवरील हक्क गहाण टाकतां व विकतां येण्याजोगा झाला आणि साऱ्याच्या हप्त्यास रुपया ठरल्या तारखेस हवासा झाला. त्याच सुमारास, १८६१ पासून ६५ पर्यंत, अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला व वऱ्हाडच्या कापसाचे भाव कित्येक पट चढले. या तेजींत शेतकऱ्यांनीं गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या अशी कथा त्या वेळच्या इंग्रजी लिखाणांत आढळते. एकाद्या शेतकऱ्यानें तसें केलेंहि असेल. परंतु आम्हांस यांत एक चमत्कार वाटतो. त्याच तेजींत मुंबईच्या शेटसावकारांनीं कागदी कंपन्यांच्या भागांत कोट्यवधि रुपये घातले व १८६५ सालीं ते एकदम गमावले. त्यास इतिहासकार 'सट्टा' म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या चांदीच्या चाकास 'अज्ञानजन्य उधळेपणा' म्हणतात. चांदी मोडून खातां तरी येते.

१८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोंचली. यवतमाळचा कापूस बैलगाडीनें धामणगांवच्या स्टेशनास जाऊं लागला, आणि पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूरपर्यंत किलिक निक्सन कंपनीची अरुंद मापाची गाडी झाली. लोक जिला मोठ्या लाडानें 'शकुंतला' म्हणत तीच ही. १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरचें वाफेचें इंजिन ओढीत असे, आणि आज ती धांवत नाहीं. मँचेस्टरचें इंजिन मँचेस्टरला जाणारा कापूस ओढतें, हा योग सहज जुळून आलेला नव्हे. वऱ्हाड व मध्यप्रांताचा कापूस-कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक यानें त्या काळींच आपल्या अहवालांत उघडपणें लिहून ठेवलें आहे कीं, रेल्वेचा फांटा आला म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल, आणि सुटलेले विणकर व सूत कांतणारे कापसाच्या शेतीकडे वळतील. याहून स्पष्ट काय सांगावयाचें? जो धागा घरीं निघे तो विकत घेण्याची पाळी आली, आणि ज्या शेतांत तूर-ज्वारी पिके तें कपाशीखालीं गेलें. एकाच घडामोडीनें घराची जमा वाढली व खर्चहि वाढला; मात्र जमा वर्षांतून एकदां व भाव ठरेल तशी, आणि खर्च बारा महिने.

दिव्याची गोष्ट अशीच. पूर्वीं समईंत व पणतींत जवसाचें, करडईचें किंवा एरंडीचें तेल जळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन रॉकेल आलें. १८९२ सालीं 'म्यूरेक्स' नांवाचें तेलवाहू जहाज सुएझ कालव्यांतून पार पडल्यावर रशियाचें तेल पूर्वेकडे अधिक स्वस्त पडूं लागलें, मग ब्रह्मदेशाचें आलें. उजेड पुष्कळ वाढला; पोरें रात्रीं वाचूं लागलीं; हा लाभ आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु आतां तिन्हीसांजेला खिशांतला पैसा जळूं लागला. त्यांतहि वऱ्हाडी गृहिणीनें आपला हात दाखविलाच. तेल संपलें म्हणजे रॉकेलचा रिकामा डबा तिनें टाकला नाहीं. त्यास दांडी लावून पाण्याची बादली केली, झांकण लावून ज्वारीचें पीठ ठेवलें, उलगडून पत्रा केला व गळक्या छपरावर ठोकला. साता समुद्रांपलीकडच्या कंपनीचा हत्ती किंवा सूर्य छापलेला पत्रा गोठ्याच्या दारावर दिसे. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला तेव्हां रॉकेल दुर्मिळ झालें, आणि ज्या घरांत माळ्यावर जुनी पणती होती त्या घरांत ती पुन्हां खालीं उतरली.

जळणाचा प्रश्न याहून अवघड. जंगलें राखीव झालीं तसा पूर्वीं ज्यावर कोणी किंमतीची चिठ्ठी लावली नव्हती त्या गवतास व लाकडास परवाना लागूं लागला. हें दुःख किती खोल गेलें होतें तें १९३० सालीं दिसलें. समुद्र शेंकडों मैल दूर असल्यामुळें या जिल्ह्यास मिठाचा सत्याग्रह करणें शक्य नव्हतें. वणीस जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरि अणे यांनीं त्याऐवजीं १० जुलै रोजीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत विनापरवाना गवत कापून कायदा मोडला. इतिहासाच्या पुस्तकांत ही राजकारणांतील घटना म्हणून येते, व ती तशी आहेच. पण विळ्यानें कापलेली ती पेंढी घरखर्चाच्या वहींतलें एक कलम होतें, ही तिची दुसरी बाजू आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. अण्यांनीं निवडलेला विषय प्रत्येक घराच्या दावणीशीं बांधलेला होता, म्हणून लोक मागून गेले.

आतां धान्याकडे वळूं. कारण काटकसरीच्या सर्व उपदेशाची कसोटी येथें लागते. आमच्या पगारदार वाचकांच्या घरीं एक उत्तम वहिवाट आहे. सुगी झाली, भाव उतरले, कीं वर्षाचे गहूं, ज्वारी व तूरडाळ एकदम भरून ठेवावयाची. यांत रुपयामागें दोन-चार आणे वांचत, व गृहिणीच्या दूरदर्शीपणाची वाखाणणी होई. ती योग्यच. परंतु त्या सुगीच्या दिवसांत स्वस्त विकणारा जो आहे तो कोण? तो तोच कास्तकार. साऱ्याचा हप्ता, सावकाराचा तगादा व सालदाराचा पगार एकाच महिन्यांत दारीं येऊन बसतात, म्हणून तो विकतो. आणि आषाढांत तेंच धान्य महाग दरानें, तेंहि उधारीवर, परत आणतो. जुन्या काळीं जमिनींत पेव असे, त्यांत दोन-तीन वर्षांची ज्वारी राही. कपाशी वाढली तशीं हीं पेवें ओस पडत गेलीं. १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांतून जीं माणसें मेलीं तीं आगगाडी असलेल्या प्रांतांत मेलीं. धान्य बाहेरून येऊं शकत होतें, तें घेण्यास हातांत पैसा नव्हता. लक्ष्मण सत्य यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत वऱ्हाडचा कापूस व वऱ्हाडचा दुष्काळ यांचें हें नातें विस्तारानें मांडलेलें आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

सवाईचा हिशेब पुष्कळांस ऐकून ठाऊक असतो, करून पाहिलेला नसतो. समजा, आषाढांत ज्वारीचा भाव रुपयास दहा शेर आहे आणि पौषांत सोळा शेर. शेतकऱ्यानें आषाढांत दहा शेर ज्वारी उसनी आणली. सावकारानें ती त्या दिवसाच्या भावानें एक रुपया मांडली, सवाईनें सव्वा रुपया केला, आणि पौषांत तो सव्वा रुपया त्या वेळच्या भावानें ज्वारींत वसूल केला. सव्वा रुपयास वीस शेर झाले. सहा महिन्यांत दहाचे वीस! व्याज पहावयास गेलें तर चार आणे. माप पहावयास गेलें तर दुप्पट. या माणसानें चहा सोडला, तंबाखू सोडली, मुलीच्या लग्नांत वाजंत्री बोलाविली नाहीं, तरी हें वीस शेर भरून निघावयाचें नाहीं. काटकसर करण्यासहि भांडवल लागतें. सुगीच्या महिन्यांत ज्याचा हात मोकळा आहे त्यालाच ती साधते. छटाकभर तेल व पावशेर गूळ असें रोज दुकानांतून आणणारास प्रत्येक जिन्नस महाग पडतो, हें आमच्यांतील शहाण्या गृहिणीहि जाणतात. परंतु त्या छटाकाचें कारण त्याच्या स्वभावांत शोधतात.

वर्गांत अर्थशास्त्र शिकवितांना आम्ही एंगेल नांवाच्या जर्मन पंडिताचा सिद्धान्त सांगत आलों: कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या उत्पन्नाचा अधिक मोठा वांटा अन्नावर जातो. १८५७ सालचा हा सिद्धान्त. त्याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, ज्याच्या खर्चांत काटछाट करण्याजोगें कमी असतें त्यालाच काटछाटीचा उपदेश अधिक ऐकावा लागतो. दादाभाई नौरोजींनीं १८७६ च्या सुमारास हिंदुस्थानांतील माणसाला नुसतें जगण्यास काय लागतें तें काढून पाहिलें. त्यासाठीं त्यांनीं परदेशीं जाणाऱ्या मजुरांस जहाजावर निजून-बसून असतांना जें अन्न देत त्याचें प्रमाण धरलें, आणि १८६७–६८ च्या भावांनीं निरनिराळ्या प्रांतांत माणशीं वर्षास १६ पासून ३५ रुपयांपर्यंत खर्च येतो असें दाखविलें. या आंकड्यांत सणवार नाहीं, सुखदुःखाचे प्रसंग नाहींत, वाईट वर्षाची तरतूद नाहीं, हें त्यांनीं मुद्दाम बजाविलें आहे; आणि देशाचें सरासरी उत्पन्न त्यांच्या हिशेबानें माणशीं २० रुपये निघालें.

असें असतां कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्च पुढें करण्याची रीति कशी टिकून राहिली, हें मोठें नवल आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांचीं खतें जाळण्यास सुरुवात झाली, तेव्हां सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. हीच समजूत तेव्हां प्रचलित होती. परंतु चौकशीअंतीं त्यांनीं असें नमूद केलें कीं, लग्न हा क्वचित् येणारा प्रसंग आहे, आणि वर्षांचा एकंदर हिशेब धरला तर रयत त्यावर आपल्या स्थितीच्या माणसानें करावा त्याहून वाजवीपेक्षां फार खर्च करते असें दिसत नाहीं. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जोतीराव फुल्यांनींहि या आरोपाचा समाचार घेतला आहे. दोघांचे हेतु भिन्न, भाषा तर त्याहून भिन्न, निष्कर्ष एक. आणि तरीहि, एकशें तीस वर्षांनंतर, यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता रोजच्या झाल्या तेव्हां राज्य सरकारनें २००५ च्या अखेरीस जी मदत जाहीर केली तींत सामुदायिक विवाहांस अनुदान हें एक कलम होतेंच. मदत वाईट होती असें आमचें म्हणणें नाहीं. मुलीच्या बापास ती उपयोगीच पडली असेल. परंतु रोग्याची नाडी न पाहतां त्याचें जेवण मोजण्याची ही जुनी खोड आहे. पुढील वर्षीं, १ जुलै २००६ रोजीं, केंद्र सरकारनें सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. तींत पाटबंधारे, व्याजमाफी, बियाणें हे विषय आले, हें निदान कमिशनच्या निष्कर्षाच्या जवळ जाणारें होतें.

मग काटकसरीचा उपदेश व्यर्थ काय? तसें नाहीं. या भागांत तो सर्वांत परिणामकारक रीतीनें ज्यानें केला तो माणूस कोणत्याहि कमिशनवर नव्हता. गाडगे महाराज १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मले. बाळपण मूर्तिजापुराकडे दापुरें येथें आजोळीं गेलें, आणि तेथेंच मामाची जमीन सावकाराच्या घशांत जातांना त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. पुढें १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातांत खराटा व खापराचें गाडगें एवढ्या सामानानिशीं हा पुरुष गांवोगांव कीर्तनें करीत फिरला. ऋण काढून सण करूं नका, देवाच्या नांवानें कोंबडें-बकरें कापूं नका, दारूला शिवूं नका, आणि पैसा मुलांच्या शिक्षणास लावा, हाच त्यांचा उपदेश. वरवर पाहतां उपदेशाचीं कलमें सरकारी अधिकाऱ्यांचींच होतीं. फरक सांगणारांत होता. ज्यानें स्वतः गाडग्यांत भाकरी कालवून खाल्ली त्यानें 'खर्च कमी करा' म्हटलें तर ऐकणारास तो आपल्या घरांतील वडील माणूस वाटतो. आणि दुसरें असें कीं, सावकाराची वही काय करते हें महाराज त्याच कीर्तनांत सांगत. एका हातानें खर्च आंवरा व दुसऱ्या हातानें हिशेब शिका, अशी ती जोडी होती. उपदेशकांनीं पहिला अर्धा घेतला व दुसरा सोडला.

वर्धा नदीच्या पलीकडे याच प्रश्नाचा निराळा प्रयोग चालला होता. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, व जो. कॉ. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं वर्ध्याच्या मगनवाडींत तेलघाणी, हातकुटीचे तांदूळ, मधमाशा, हातकागद यांवर काम सुरू झालें. तेथील 'मगनचूल' धूर बाहेर नेई व एका जाळावर एकाहून अधिक भांडीं शिजवी. तेथील 'मगनदीप' रॉकेलऐवजीं गोड्या तेलावर जळे. आम्हांस या खटपटींतील विशेष असा वाटतो कीं, तींत गृहिणीला 'कमी जाळ' म्हणून सांगितलें नाहीं. चूल बदलून दिली. मगनदीप वीज आल्यावर मागें पडला, त्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. चुलीचा धूर मात्र खेड्यांतून अद्यापि सर्वस्वीं गेलेला नाहीं. २०१६ नंतर 'उज्ज्वला' योजनेनें गॅसची शेगडी पुष्कळ घरीं पोंचली. पण रिकामी टाकी भरून आणण्यास एकरकमी पैसा लागतो, आणि पऱ्हाटी घरामागें पडलेली असते. छटाकभर तेल आणणाराची गोष्ट येथें पुन्हां उद्भवते. छटाकभर गॅस कोणी देत नाहीं!

याच जिल्ह्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळांत मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा त्यांनीं हिरीरीनें प्रसार केला, आणि १९७२ च्या दुष्काळानें पोळलेल्या महाराष्ट्रास दाण्याच्या त्या वाढीचें मोल कळलें. तथापि संकरित ज्वारीचें ताट बुटकें. कडबा कमी झाला. पुढें ज्वारीच मागें पडली, सोयाबीन आलें. कडब्यावांचून बैल पोसणें जड झालें, बैल गेले तसें शेण गेलें, शेण गेलें तशी खताची गोणी विकत आली व गोवरीहि गेली. कपाशींत १९७० सालीं 'एच-४' हें संकरित वाण आलें, २००२ सालीं बीटी वाणांस परवानगी मिळाली. बोंडअळीवरील फवारणीचा खर्च प्रथम कमी झाला, उत्पन्न वाढलें. परंतु संकरित बियाणें दर सालीं नवें घ्यावें लागतें, त्यामुळें सरकींतून बियाणें राखण्याची चाल संपली. या प्रत्येक पावलाचें स्वतंत्रपणें समर्थन करतां येईल, आणि आम्ही त्यांपैकीं एकाहि पावलास मूर्खपणा म्हणणार नाहीं. मात्र सर्व पावलें मिळून घर कोठें आलें तें पाहावें. ज्या घरांत पूर्वीं मीठ व लोखंड तेवढें विकत येई त्या घरांत आतां बियाणें, खत, औषध, डाळ, तेल, सरपण, गुरांची ढेप, सारें कांहीं विकत येतें, आणि कापूस अद्यापि वर्षांतून एकदांच विकला जातो.

या साखळींतला एक दुवा मौजेचा आहे. बीटी कपाशीच्या अळीस विषाची संवय होऊं नये म्हणून शेताच्या कडेनें कांहीं तासें निराळ्या झाडांचीं लावावीं, असा नियम होता. त्यासाठीं बियाण्याच्या पाकिटासोबत आणखी एक लहान पुडी देण्यांत येत असे. पुष्कळ वेळां त्या पुडींत तूर असे. आजीनें गाडग्यांत राखेंत घालून ठेवलेली जी तूर कपाशीच्या शेजारीं फुकट पेरली जाई, तीच आतां छापील सूचनेसह कंपनीच्या पाकिटांतून यवतमाळच्या शेतांत परत आली, आणि तिची किंमत पाकिटाच्या किमतींत धरलेली होती.